एकशे वीस उंबरे

दहा बाय सोळाच्या त्या खोलीत दोन शेगड्या होत्या. एक मोरीच्या कडेला, दुसरी खिडकीखाली. मधे भिंत नाही, पडदा नाही, कपाटाचा आडोसाही नाही. थोरली जाऊ खिडकीखाली भाकऱ्या थापत होती आणि धाकटी मोरीजवळ कुकरचं झाकण लावत होती. बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला, पॅडवर सपाट ठेवला आणि प्रशिक्षणात घोकून घेतलेला प्रश्न विचारला, "जेवण एकत्र असतं की वेगळं?"

"एकत्रच की," थोरली म्हणाली. "एका खोलीत राहतो, वेगळं कुठनं असणार?"

धाकटी काही बोलली नाही. तिने गॅस मोठा केला. पहिली शिट्टी होईपर्यंत खोलीत फक्त भाकरीचा आवाज होता. मग ती पाठमोरीच म्हणाली, "वेगळं लिहा बाई. दिवाळीपासून वेगळं आहे."

एका स्वयंपाकातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, हा जनगणनेचा नियम. छप्पर एक असलं तरी चुली दोन असतील तर कुटुंबं दोन. बाईंनी दुसरा फॉर्म काढला. दोन्ही भरून झाले तेव्हा थोरली दारापर्यंत पोचवायला आली. हाताला पीठ तसंच होतं. हळूच म्हणाली, "सणाला एकत्रच जेवतो हं आम्ही. तेवढं कुठं लिहिता आलं तर बघा."

हे फेब्रुवारी २०११मधलं, नायगावच्या बीडीडी चाळीतलं. बाई तेव्हा जवळच्याच एका पालिका शाळेत चौथीचा वर्ग शिकवत होत्या. नोकरीला सोळा वर्षं झाली होती आणि ही सोळाही वर्षं त्या दादर स्टेशनवरून चालत, याच चाळींच्या कडेकडेने शाळेत येत होत्या. वर्गातली निम्मी मुलं इथली. पण बाईंच्या लेखी या इमारती म्हणजे हजेरीपटावर नावापुढे लिहायचा पत्ता, एवढंच. एकाही इमारतीचा जिना त्या कधी चढल्या नव्हत्या. जनगणनेच्या ड्युटीचा आदेश हातात पडला तेव्हा त्यांना रागच आला. मार्चमध्ये परीक्षा, चौथीची स्कॉलरशिप तोंडावर, आणि सकाळची शाळा संपवून दुपार-संध्याकाळ लोकांची दारं ठोठावायची. त्या वर्षी देशभरात सुमारे २७ लाख लोक हेच काम करत होते आणि त्यांत शिक्षकांचा भरणा मोठा होता.

आज विचारलं तर बाई सांगतात की नोकरीतले तेच वीस-पंचवीस दिवस त्यांना सर्वांत जास्त आठवतात. नावं आणि खोल्यांचे नंबर मात्र त्या अजूनही सांगत नाहीत. १९४८च्या जनगणना कायद्यानुसार फॉर्मात लिहिलेली माहिती गुप्त आहे; ती कुणाला बघायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे वाक्य बाईंनी त्या दिवसांत शेकडो वेळा म्हटलं असेल, आणि म्हटलं तसं पाळलंही.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत कामगारांना राहायला जागा मिळेना, तेव्हा १९२०मध्ये सरकारने हे खातं काढलं आणि पुढच्या काही वर्षांत चार ठिकाणी चाळी बांधल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, संडास सामायिक. बाईंच्या वाट्याला आलेल्या प्रगणन गटात एक अख्खी इमारत होती आणि शेजारच्या इमारतीचे दोन मजले. ऐंशी आणि चाळीस. एकशे वीस उंबरे.

पहिल्या दोन दिवसांत बाईंचा वेग फार कमी होता. फॉर्म दुमडायचा नाही, कारण तो पुढे यंत्र वाचणार. अक्षर चौकटीबाहेर जाता कामा नये. माणशी एकोणतीस प्रश्न. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, लिंग, जन्मतारीख, लग्न, धर्म, भाषा, शिक्षण, काम, प्रवास, जन्मगाव, स्थलांतर, मुलं. एका घरात सात माणसं असली की दोनशे तीन उत्तरं. पॅसेजमधल्या पिंपांमधून वाट काढत, चपला बाहेर काढत, मांडी घालून बसत त्या लिहीत होत्या. पण त्यांच्या एक लक्षात यायला लागलं. यांतले काही प्रश्न असे होते की ते नीट विचारले तर समोरचा माणूस उत्तर द्यायच्या आधी थांबायचा.

मातृभाषेचा प्रश्न त्यांतला पहिला. ‘मातृभाषा?’ असं नुसतं विचारलं तर सगळे ‘मराठी’ म्हणून मोकळे होत. पण सूचनापुस्तिकेत मातृभाषेची व्याख्या दिली होती: लहानपणी आई ज्या भाषेत माणसाशी बोलायची ती भाषा. बाई तसंच विचारू लागल्या. "लहानपणी आई तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायची?" या प्रश्नावर माणसं वेगळीच होत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ जमिनीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कानडीत. बेळगावकडचे आम्ही. ती गेल्यापासून कुणाशी बोललोच नाही." त्यांची सून चहा गाळता गाळता थबकली. सासऱ्यांना कानडी येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या मजल्यावर एका घरात यावरून वादच झाला. मुलगा म्हणाला मराठी, त्याची आई म्हणाली मालवणी. "आई, मालवणी म्हणजे मराठीच." "म्हणजे कशी? मी तुझ्याशी काय मराठीत बोललंय?" नियम असा की माणूस जे नाव सांगेल तेच लिहायचं. बाईंनी आजींच्या ओळीत मालवणी लिहिलं, मुलाच्या ओळीत मराठी. त्या जनगणनेत देशभरातून मातृभाषांची १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली गेली. पुढे भाषातज्ज्ञांनी ती चाळून, एकत्र करून १२१ भाषांपर्यंत आणली आणि आजींची मालवणी कोकणीच्या बेरजेत गेली. पण त्या चौकटीत ते नाव लिहिलं जाताना आजी वाकून बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "किती अक्षरां?" त्यांनी विचारलं. "चार," बाई म्हणाल्या.

वयाच्या रकान्यासाठी प्रगणकांना मोठ्या घटनांची यादी देतात. म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल ठाऊक नसतं, पण कुठल्या घटनेच्या वेळी आपण केवढे होतो ते आठवतं. साताऱ्याकडच्या बायकांना कोयनेचा भूकंप आठवायचा, ११ डिसेंबर १९६७चा. ‘भूकंपाच्या साली थोरला पोटात होता.’ कुणाला बाहत्तरचा दुष्काळ, खडी फोडायला गेल्याचा. आणि गिरणीतल्या प्रत्येक घराला १८ जानेवारी १९८२, गिरणी संप सुरू झाला तो दिवस. संपाच्या आधीचं आणि संपानंतरचं, असेच इथे वर्षांचे दोन ढीग. लग्न संपाआधीचं, मुलगी संपातली, गावची जमीन संपात गेली. अडीच लाख कामगारांचा तो संप इतिहासाच्या पुस्तकात एका परिच्छेदात येतो. इथे तो वय मोजायच्या कामी येत होता. बाई शाळेत इतिहासही शिकवत, पण साल असं वापरायचं असतं हे त्यांना नवीन होतं.

एक आजी नवऱ्याचं नाव घेईनात. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. "तेवढं सोडून काय ते विचार," म्हणाल्या. कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचं नाव तर हवं. शेवटी त्यांनी समोरच्या दारातल्या शाळकरी पोराला हाक मारली आणि त्याने पॅसेजमधून मोठ्याने ओरडून ते नाव सांगितलं. आजींनी तोंडाला पदर लावला.

तळमजल्यावर एक निवृत्त साचेवाले होते. इथल्याच एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, त्यांचं आयुष्य गेलेलं. बाई प्रश्न विचारत आणि ते ताबडतोब, नेमकं उत्तर देत. मग बाईंनी लिहिता लिहिता मान खाली ठेवूनच पुढचा प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही. पुन्हा विचारला. तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "वर बघून बोला बाई. ते तोंड बघून ऐकतात." साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नसे. ओठ वाचणं आणि हातवारे हीच त्या खात्याची बोली होती. तीसेक वर्षांत कान गेले आणि डोळे तयार झाले. अपंगत्वाचा रकाना आला तेव्हा बायको म्हणाली, लिहा, ऐकू येत नाही. ते म्हणाले, नको. "कामाने गेलेत कान. रोगाने नाही." बाई म्हणाल्या, कशाने गेले हे इथे विचारत नाहीत काका. ते थोडा वेळ गप्प बसले. मग बायकोकडे बघून म्हणाले, "ती म्हणते तर लिहा." त्या दिवसानंतर बाई वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलत नाहीत. फळ्यावर लिहून होतं, मग त्या मुलांकडे वळतात आणि मग बोलतात.

बायकांच्या कामाचा प्रश्न हा या सगळ्यांत मोठा. प्रशिक्षणात त्यावर बराच वेळ घालवला होता, कारण ‘तुम्ही काय काम करता’ असं विचारलं की समोरची म्हणते, काही नाही, घरीच असते. आणि मोजणारा पुढे जातो. म्हणून खोदून विचारायचं: गेल्या वर्षभरात एक दिवस तरी पैशासाठी किंवा घरच्या धंद्यासाठी काही केलंत का? दुसऱ्या मजल्यावर ज्या बाईने ‘काही नाही’ असं सांगितलं, तिच्या पाठीमागे चौदा डबे ओळीने उघडे ठेवलेले होते. त्यांत ती उसळ भरत होती.

"हे डबे?"

"ते आहेत, तेवढंच. पोरं आहेत गावाकडची, कामाला आलेली. त्यांना देते दोन वेळचं."

"किती वर्षं?"

"यांची गिरणी गेली तेव्हापासनं."

वर्षात सहा महिने किंवा जास्त काम करणारा माणूस ‘मुख्य काम करणारा’ या वर्गात मोडतो. बाईंनी तशी नोंद केली आणि काय लिहिलं ते वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. खाटेवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याने पेपर खाली घेतला. मग ती हातातला डाव तसाच धरून दारात गेली आणि समोरच्या खोलीत ओरडली, "अगं, तुलाही विचारतील. ‘काही नाही’ म्हणू नको. फॉल-पिकोचं सांग!" पॅसेज जागा झाला. बाई पुढच्या दारात पोचायच्या आत आतून उत्तर तयार असायचं. पोळ्या लाटते. पापड करते. शिकवण्या घेते. एकीने तर सगळ्या वर्षाची जुनी वही काढून ठेवली होती, कुणाच्या किती साड्यांना फॉल लावला त्याची. त्या मजल्यावर त्या संध्याकाळी कुणीच ‘घरीच असते’ म्हणालं नाही. बाईंच्या मते त्यांनी आजवर जे काही शिकवलं त्यात या एका मजल्याचं स्थान फार वर आहे, आणि शिकवलं त्यांनी नव्हे, उसळीच्या डावाने.

सगळी दारं मात्र उघडत नव्हती. एकशे वीसपैकी बऱ्याच खोल्यांना कुलूप होतं. शेजारी सांगायचे, ते नालासोपाऱ्याला गेले. ते डोंबिवलीला. ते विरारला, गणपतीला येतात. एका खोलीत मोठी होणारी दोन-तीन भावंडं लग्नं झाल्यावर तिथे मावत नव्हती, आणि आसपास जी नवी घरं उभी राहत होती ती गिरण्यांच्या जमिनीवरचे मनोरे होते, त्यांच्या आवाक्याबाहेरचे. खोली टिकवून ठेवायची, राहायचं लांब. आणि जे इथेच राहत होते त्यांचं काम लांब गेलं होतं; कामाला जायच्या प्रवासाचा रकाना ते सांगत होता. म्हातारे म्हणायचे, "आम्ही भोंगा झाला की निघायचो, चालत." त्यांच्या मुलांच्या ओळीत बाई लिहीत होत्या: रेल्वे, २५ किलोमीटर; रेल्वे, ३० किलोमीटर. मार्चअखेर पहिले आकडे जाहीर झाले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पेपरभोवती गर्दी होती. मुंबईची लोकसंख्या घटली यावर कुणाचा विश्वास बसेना. उपनगरांची वाढली होती. मुंबई शहर जिल्ह्याची दहा वर्षांत ३३ लाख ३८ हजारांवरून ३१ लाख ४६ हजारांवर आली होती. बाईंना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्या कुलपांना हात लावून आल्या होत्या.

२७ फेब्रुवारीला रविवार होता. माणसं घरी सापडण्याचा सर्वांत चांगला वार, आणि नेमकी त्याच दिवशी बंगळूरला विश्वचषकातली भारत-इंग्लंड मॅच. दुपारपासून सगळ्या खोल्यांतले टीव्ही सुरू. बाई एका खोलीत जन्मगाव विचारत तेव्हा मागच्या षटकाचा आरडाओरडा पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू यायचा. रात्री नऊच्या पुढे, राहिलेली तीन घरं उरकावीत म्हणून त्या जिना चढून आल्या तर पॅसेजमधल्या दिव्याखाली त्यांच्याच वर्गातला एक मुलगा गोणपाट टाकून बसला होता. पुढ्यात स्कॉलरशिपचं पुस्तक. आत खोलीत आठ माणसं मॅच बघत होती. मुलाच्या डाव्या हाताचं बोट कानात होतं आणि उजव्या हातात पेन्सिल.

याच मुलाच्या वहीवर दोन आठवड्यांपूर्वी बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘घरी अभ्यास घेत जा. पालकांनी भेटावे.’

त्या त्याच्या शेजारी बसल्या. भागाकाराची दोन उदाहरणं सोडवून झाली तेव्हा सगळ्या चाळीतून एकदम एक आवाज उठला, जल्लोष नाही आणि हळहळही नाही, असा मधलाच. दोन्ही बाजूंच्या ३३८ धावा. सामना बरोबरीत. "म्हणजे कोण जिंकलं?" मुलाने विचारलं. शाळेत परत गेल्यावर बाईंनी मुख्याध्यापकांशी बोलून सकाळी शाळा भरायच्या आधी एक वर्ग उघडा ठेवायची परवानगी मिळवली. दिवे, पंखा आणि शांतता, बाकी काही नाही. पहिल्या आठवड्यात सहा मुलं आली. जूननंतर जागा पुरेना.

दोन रकाने बाई सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून विचारत. लग्न झालेल्या स्त्रीला विचारायचे ते. सध्या हयात असलेली मुलं किती? आणि एकूण जन्माला आलेली किती? पहिल्याचं उत्तर पटकन यायचं. दुसरं ऐकून बायका दाराकडे बघायच्या, कुणी ऐकत नाही ना म्हणून. एका सत्तरीच्या आजींनी पहिल्याला तीन सांगितलं आणि दुसऱ्याला बोटं मोजली. पाच. मग म्हणाल्या, "मुलांना माहीत नाही एकाचं. गावी झालं, अकरा दिवसांचं होतं." बाई लिहायच्या थांबल्या. आजी म्हणाल्या, "लिही लिही. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं." फॉर्मात नाव विचारत नाहीत, नुसता आकडा. बाईंनी नाव विचारलं. हे नियमात बसत नव्हतं आणि ते कुठेही लिहिलं गेलं नाही. आजींनी सांगितलं.

२८ फेब्रुवारीची रात्र बेघरांची. ज्यांना घर नाही त्यांची मोजणी देशभर या एकाच रात्री होते, कारण ही माणसं दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडतील याची खात्री नसते. बाईंना आणखी दोघांबरोबर परळचा भाग मिळाला, टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या आसपासचे फुटपाथ. हे हॉस्पिटल सुरू झालं तेही २८ फेब्रुवारीलाच, १९४१ साली. कर्करोगावर उपचार घ्यायला तिथे सगळ्या देशातून माणसं येतात आणि धर्मशाळांत जागा मिळेपर्यंत कितीतरी कुटुंबं फुटपाथवर दिवस काढतात. बॅटरीच्या उजेडात प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या फायली दिसत होत्या. उशाशी फाइल, फाइलवर हात.

विदर्भातलं एक जोडपं नऊ वर्षांच्या मुलाला मधे घेऊन बसलं होतं. मुलाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, मुंबईच्या त्या उबदार रात्रीतही. बाईंनी काय चाललंय ते सांगितलं. ‘बेघर’ हा शब्द ऐकल्यावर बाप उठून उभा राहिला.

"आम्ही बेघर नाही बाई. तीन खोल्याचं घर आहे माझं. दारात चिंच आहे."

"घरून कधी निघालात?"

"संक्रांतीच्या आधी."

इथे नियमाचा पेच होता. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात माणूस एकदा जरी आपल्या घरी असेल, तर त्याची मोजणी घरीच होते. संपूर्ण काळ बाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे. हे तिघं सगळा फेब्रुवारी इथेच होते. बाईंनी त्याच्यासमोर खाली बसून त्याला समजावलं की गावाकडच्या यादीत तुम्ही तिघं नाही आहात. आज इथे लिहिलं नाही तर या मोजणीत तुम्ही कुठेच नसाल. तो बराच वेळ बोलला नाही. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला. मग मुलाची आई म्हणाली, "लिहू द्या. पोरगं तर मोजू द्या." बाप म्हणाला, "मग गावाचं नाव लिहा. पूर्ण लिहा."

त्यासाठी रकाना होता. जन्माचं ठिकाण, मागच्या राहण्याचं ठिकाण. बाईंनी तिघांच्याही ओळींत गाव, तालुका, जिल्हा लिहिला, एकही अक्षर चौकटीबाहेर जाऊ न देता. मुलाने स्वतःची शाळा आणि इयत्ता आपणहून सांगितली. तिसरी. त्याच्या गावच्या शाळेतही त्या महिन्यात कुणी तरी गुरुजी पिशवी अडकवून दारोदार फिरत असणार, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

त्याच रात्री बारा वाजता जनगणनेचा क्षण होता, १ मार्च २०११चा शून्य तास. १ ते ५ मार्च पुन्हा सगळ्या घरांत फेरी मारायची. पहिल्या भेटीनंतर आणि त्या क्षणाआधी कुणी जन्मलं तर नाव वाढवायचं, कुणी गेलं तर खोडायचं. बाईंच्या गटात दोन नावं खोडली गेली. आणि तिसऱ्या मजल्यावर मालवणीवाल्या आजींच्या दाराला तोरण होतं. सुनेला मुलगी झाली होती.

"कधी?"

"आज पहाटे. पाच वाजता."

पाच तासांनी हुकलं होतं. आजींना ते काही केल्या पटेना. "रात्रीपासून कळा देतली ती. पोर आत होताच ना? लिवा." बाईंना लिहिता आलं नाही. बाराच्या ठोक्याआधी जन्मलेलीच धरायची. "आता पुढच्या वेळी," बाई म्हणाल्या. "दहा वर्षांनी. तेव्हा चौथीत असेल, माझ्याच वर्गात येईल."

ती खरोखरच त्या शाळेत आली. पहिलीच्या हजेरीपटावर जन्मतारीख १ मार्च २०११ दिसली तेव्हा बाईंनी वर्गात जाऊन ती कुठे बसते ते बघून घेतलं. पुढची जनगणना मात्र आली नाही. १८७२पासून, दुसऱ्या महायुद्धातसुद्धा, जी दर दहा वर्षांच्या आसपास होत आली ती २०२१ची मोजणी कोविडमुळे पुढे गेली आणि पुढे जातच राहिली. जून २०२५मध्ये नवी तारीख जाहीर झाली: १ मार्च २०२७चा शून्य तास. या वेळी कागदाचा फॉर्म नाही, मोबाइलवर नोंदी. न दुमडण्याची काळजी नाही. त्या तारखेला ही मुलगी सोळा वर्षांची होईल. दहावीला पोचेपर्यंत एकाही जनगणनेत ती नाही.

दरम्यान चाळीही बदलू लागल्या. वरळीत बीडीडीच्या जागी मनोरे झाले आणि ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावातही इमारती पाडून काम सुरू झालं. मोरी, पोटमाळा आणि सामायिक संडासांत तीन पिढ्या काढलेल्या लोकांना स्वतःचं न्हाणीघर मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि त्या पॅसेजच्या आठवणीने हळवं होणाऱ्यांनी तिथे नळाला रांग लावलेली नसते, असं बाईंचं ठाम मत आहे. तरी डाव हातात धरून समोरच्या दारात ओरडायला नव्या इमारतीत समोर दार असेल का, एवढं बघायला त्या एकदा जाणार आहेत.

परवा दादरच्या पुलावर ती मुलगी त्यांना भेटली. क्लासला निघाली होती, पाठीला जड दप्तर. घर सध्या संक्रमण शिबिरात. जनगणनेचं तिने शाळेत ऐकलं होतं आणि आपण जन्मलो तेव्हाचा पाच तासांचा किस्सा तर घरात गणपतीला दरवर्षी होतो. काय काय विचारतात, तिने विचारलं. बाईंनी सांगितलं, भाषेचा प्रश्न कसा असतो तेही सांगितलं.

"आई माझ्याशी मराठीतच बोलते," ती म्हणाली. "मालवणी फक्त आजी बोलते. मग आजीचं कुठे लिहायचं?"

बाईंना सहा बेचाळीसची गाडी गाठायची होती. गर्दी दोन्ही बाजूंनी धक्के देत होती. त्या मुलीला हाताला धरून कठड्याकडे घेऊन गेल्या.

"काय म्हणते आजी? सांग बघू."

मुलगी हसली. जरा लाजून, इकडेतिकडे बघून, तिने आवाज आजीसारखा केला.

"गो, जेवलंस काय?"